म्हैस सापडते का?

वाणगाव स्टेशनावर हातात कादंबरी घेऊन उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, "किती पानं?" लेखक कोण, विषय काय, हे नंतर; बहुधा येतच नाही. आमचं गाव मिरचीचं. इथून मिरची, दुधी, वांगी रोज बाहेर जातात, त्यामुळे कुठल्याही मालाची चौकशी वजनापासून सुरू करायची सवय हाडात भिनलेली. रंगनाथ पठाऱ्यांचं 'सातपाटील कुलवृत्तांत' मी गाडीत वाचत होतो, त्या दिवसांतली गोष्ट. एका घराण्याचा काही शतकांचा हिशेब त्या पुस्तकात आहे आणि जाडीही त्या शतकांना शोभेल अशी. भाजी घेऊन जाणाऱ्या एका मावशींनी ते माझ्या हातातून घेतलं, तोललं, परत दिलं आणि म्हणाल्या, "हे तुम्ही रोज नेता नि रोज परत आणता. खपत नाही वाटतं?"

समीक्षा लिहिणाऱ्यांनी या मावशींचं काहीतरी घ्यावं असं मला फार वाटतं.

विरार-डहाणू लोकल २०१३ साली सुरू झाली आणि माझ्या वाचनाला वेळापत्रक आलं. मी अंधेरीला हिशेब लिहितो. बोईसरपर्यंत पुस्तक उघडं धरता येतं, पालघरनंतर ते छातीशी येतं आणि सफाळ्याला टोपल्या चढल्या की डोक्यावर जातं. विरारला गाडी बदलल्यावर तर पुस्तक कुठे आहे आणि आपण कुठे आहोत याचा संबंध राहत नाही. पण येता-जाता रोज एवढा वेळ मिळाला की माणसाच्या कादंबऱ्या बघता बघता वाचून होतात. त्याहून वाईट म्हणजे त्याला त्या कादंबऱ्यांबद्दल मतं होतात, आणि मतं झाली की ती ऐकणारं कुणीतरी लागतं.

म्हणून मी घरचं कपाट गावाला खुलं केलं. पुस्तक न्या, वाचा, परत आणा, आणि आणताना दहा मिनिटं बसा, एवढीच अट. सोय म्हणून खणांवर चिठ्ठ्या लावल्या: ऐतिहासिक, सामाजिक, ग्रामीण, रहस्य, भय, विज्ञान. अक्षर माझं चांगलं आहे. चिठ्ठ्या अजून जागच्या जागी आहेत. त्यांच्याखालची पुस्तकं मात्र गावाने हलवली.

सुरुवात दूधवाल्या काकांनी केली. त्यांच्या गोठ्यात म्हशी आहेत आणि आयुष्यात त्यांनी म्हशींखेरीज कशात लक्ष घातलेलं मला माहीत नाही. ते दूध घालायला आले असता मी कृष्णात खोतांची 'रिंगाण' वाचत होतो. कशाबद्दल आहे, म्हणून त्यांनी सहज विचारलं. मी सांगितलं: धरणामुळे गाव उठतं, माणसं दुसरीकडे जातात, एक म्हैस मागे जंगलात राहते, तिला आणायला एक जण परत जातो, तोवर ती रानटी झालेली असते. काकांनी दुधाचं भांडं खाली ठेवलं.

"मग? सापडते का?"

"तुम्हीच वाचा ना."

"साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालाय याला," असं मी पुस्तक देताना वर सांगितलं. "२०२३ चा."

"कुणाला, म्हशीला?"

पुढचे काही महिने माझ्या दुधाबरोबर रोज 'रिंगाण'चा अहवाल यायला लागला. मी ते पुस्तक विस्थापनाची, माणूस आणि निसर्ग यांच्या नात्याची कादंबरी म्हणून वाचलं होतं. काका तपासाची कादंबरी म्हणून वाचत होते. तो वाऱ्याच्या कोणत्या बाजूने चालला, म्हशीला वास आधी लागेल की आवाज, अंधार पडल्यावर ती पाण्याकडे येईल की नाही, यावर ते माझ्याशी गंभीरपणे बोलत. मी एकदा 'प्रतीक' असा शब्द काढला. ते म्हणाले, "असेल. पण आधी म्हैस आहे." एवढ्या थोडक्यात एवढं नेमकं मत मी कुठल्याही चर्चासत्रात ऐकलं नव्हतं. पु. लं.ची म्हैस एस्टीसमोर आली आणि सबंध महाराष्ट्राला ठाऊक झाली. खोतांची म्हैस वाणगावात तेवढीच प्रसिद्ध आहे, कारण काका ती घरोघर मापासोबत पोचवत होते.

मधे एकदा ते नुसतेच उभे राहिले. आमच्या भागातल्या मिरचीला सूर्या प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी मिळतं, ते सगळ्यांना माहीत आहे. काका कालव्याच्या दिशेला मान करून म्हणाले, "हे पाणी पण असंच कुणाच्या तरी गोठ्यावरून आलं असणार." मग दूध मोजून गेले. 'रिंगाण' माझ्या कपाटात 'ग्रामीण' खणात होती. परत आली तेव्हा काकांनी ती स्वतःच्या हाताने 'रहस्य' खणात बाबूराव अर्नाळकरांशेजारी ठेवली.

अर्नाळकरांना शेजार आवडला असता. हजाराहून जास्त पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाला शेजाऱ्याचं वावडं असून चालत नाही. त्यांचा झुंजार, त्यांचा काळापहाड, त्यांचा धनंजय यांची पुस्तकं मी अजून वाचतो आणि विरारच्या आत संपवतो. पण हल्ली माझी एक पंचाईत होते. गुन्हेगार सापडला की पूर्वी समाधान व्हायचं. आता मनात काकांचा आवाज येतो: गुन्हेगार सापडला ते ठीक, म्हैस कुठाय?

या प्रश्नाने माझं वाचन नासवलं आहे. कुठलीही कादंबरी उघडली की मी आधी म्हैस शोधतो, म्हणजे जे हरवलं म्हणून एवढी पानं खर्ची पडली, ते. आणि एकदा या नजरेने बघितलं की थोरामोठ्यांची पंचाईत होते. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये म्हैस पहिल्यापासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी आहे. अडचण एवढीच की 'ही माझी' म्हणायला जिने म्हणायचं ती तयार नाही. १९६७ पासून हे पुस्तक मराठी माणूस वाचतो आहे आणि कर्णाऐवजी स्वतःसाठी रडतो आहे. गाडीत तर ते वाचूच नये. पालघरला कुणी सरकून जागा दिली नाही की 'मृत्युंजय'चा वाचक उभ्या उभ्या सूतपुत्र होतो. एक गृहस्थ चौथ्या सीटवरून वाद झाल्यावर पुस्तक मिटून, "जन्मापासून हेच चाललंय," असं म्हणाल्याचं मी ऐकलं आहे.

विश्वास पाटलांच्या 'पानिपत'मध्ये म्हशी फार आहेत, म्हणजे सैन्याबरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुलं असं सगळं गोत निघालेलं आहे आणि आपल्याला शेवट ठाऊक आहे. तरी मी दर वेळी आशेने वाचतो. मागे उभा राहून माझ्या खांद्यावरून वाचणाऱ्या एका मुलाने केळवे रोडच्या आसपास मला विचारलं, "काका, यात तरी जिंकतात का?" मी नाही म्हटलं नाही. म्हटलं, बघू या.

ऐतिहासिक कादंबरीबद्दल माझी खरी तक्रार गावकीची आहे. मराठी कादंबरीकाराचा घोडा पुण्याहून सुटला की उत्तरेला तरी जातो नाहीतर रायगडावर तरी. आमच्या बाजूला वळायला त्याला होत नाही. तारापूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत १७३९ च्या जानेवारीत तिथला किल्ला घेताना बाजी भिवराव रेठरेकर पडले. समुद्र आहे, तट आहे, सुरुंग आहेत, फिरंगी आहेत. कादंबरीला आणखी काय लागतं? पण बहुतेक पुस्तकांत तारापूर एखाद्या वाक्यात घेतलं जातं आणि सगळे वसईला धावतात. जलद गाडीसारखे. आम्हाला थांबाच नाही.

नंदा खऱ्यांची 'अंताजीची बखर' मला म्हणून आवडते. त्यातला अंताजी इतिहासात मोठा होण्याच्या भानगडीत पडत नाही. जिवंत राहण्याच्या पडतो. इतिहासात असे लोक संख्येने जास्त होते असा माझा संशय आहे.

आता 'कोसला'. हे पुस्तक मी विसाव्या वर्षी वाचलं तेव्हा त्या वयाची सगळी मुलं करतात ते केलं: दोन महिने पांडुरंग सांगवीकरासारखा बोललो आणि घरच्यांनी मला जेवणापुरतं बोलावलं. भालचंद्र नेमाड्यांनी १९६३ मध्ये ही कादंबरी दोन-तीन आठवड्यांत लिहून काढली म्हणतात. माझा मुलगा पुण्याला शिकायला गेला त्या जूनमध्ये मी ती परत काढली, जुन्या मैत्रीसाठी. आणि दहाव्या-पंधराव्या पानापासून घाम फुटायला लागला. पहिल्या वाचनात मला वडील दिसलेच नव्हते. म्हणजे होते, पण अडथळा म्हणून. आता पैसे पाठवणारा माणूस दिसायला लागला. पोरगं वसतिगृहात, मेसच्या कारभारात, चहात, मित्रांत गुंतत चाललं आहे, पैसे जात आहेत, परीक्षा येत आहेत आणि ते आपलं भाषेत नवनवीन गमती करतं आहे. साऱ्या मराठी साहित्याला ज्या शैलीने वेड लावलं, तिच्या प्रत्येक ओळीत मला फी दिसत होती. उमरोळीला मी मुलाला फोन लावला. "मेसमध्ये काही पद वगैरे घेतलं नाहीस ना?" तो म्हणाला, "बाबा, मी लेक्चरमध्ये आहे." हे वाक्य सांगवीकरही बापाला सांगू शकला असता, या विचाराने पालघरपर्यंत चैन पडली नाही.

'कोसला' मी घरी आल्यावर 'भय' खणात ठेवली. नारायण धारप तिथे आधीपासून आहेत, पण त्यांच्याने मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

धारपांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. त्यांच्या कथांत गावाबाहेरचा बंगला असतो, रात्री नोकर थांबायला तयार नसतात, कुठेतरी काहीतरी हलतं. पुण्यात बसून वाचायला ठीक. पण नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, धुंदलवाडीच्या बाजूला, भूकंपाचे धक्के बसायला लागले. तिकडची माणसं थंडीत घराबाहेर तंबूत झोपत होती. अशा दिवसांत 'लुचाई' हातात घेतली तर भांड्यांचा आवाज लेखकाने केला की जमिनीने, हे ठरवता येत नाही. स्टीफन किंगच्या कादंबरीवरून धारपांनी ती मराठीत आणली, पण किंगला काय माहीत की इकडे फळीवरचे डबे खरेच वाजतात. तलासरीकडचा माझा एक सहप्रवासी म्हणाला, "भुताचं बरं असतं. ते दारातून तरी येतं."

भय या खणातून सर्वांत जास्त मागणी आली ती मात्र तिथे नसलेल्या पुस्तकाला. कॉलेजातला एक पोरगा आला आणि म्हणाला, "काका, तुंबाड आहे का?" २०१८ चा तो सिनेमा त्याने मोबाइलवर कितीदा तरी पाहिला होता. मी 'तुंबाडचे खोत' काढून दिले, दोन खंडांतला पहिला. श्री. ना. पेंडशांचं १९८७ चं पुस्तक. मला माहीत होतं की सिनेमाचं बीज धारपांच्या कथेतलं, नाव पेंडशांच्या कादंबरीचं, आणि दिग्दर्शक राही अनिल बर्वे म्हणजे 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचे चिरंजीव. हे सगळं मी त्याला सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. मराठी वाचकांची संख्या वाढवायची तर थोडं गप्प राहावं लागतं.

पहिला आठवडा तो सिनेमातला राक्षस, हस्तर, शोधत होता. जगबुडी नदी आली, खोत आले, त्यांचा वाडा आला, भाऊबंदकी आली. सिनेमात होतं तसं तळघर काही येईना. स्टेशनवर भेटला की विचारायचा, "कितव्या पानावर येतो?" मी म्हणायचो, "वाच, वाच." दुसऱ्या आठवड्यात विचारणं थांबलं. मला वाटलं, सुटला. पण पहिला खंड परत करून दुसरा मागायला आला तेव्हा चेहरा वेगळाच. म्हणाला, "काका, यात राक्षस नाहीये हे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"पण एकेक खोत असला भारी आहे की राक्षसाला मधे बोलायला मिळालं नसतं."

त्याच्या घरी चुलत्यांबरोबर जमिनीचं काही चालू आहे हे मला नंतर कळलं. दुसरा खंड त्याच्या आजोबांनी ठेवून घेतला आहे. ते तो चष्मा लावून, नाती कागदावर मांडून वाचतात, आणि घरातल्या माणसांकडे अधूनमधून मान वर करून बघतात, असं तो सांगत होता. पुस्तक मागायला जायचा मला धीर होत नाही.

नेमाड्यांची 'हिंदू' घ्यायला कुणी आलं नाही, जाडी बघूनच परत जातात. खरं तर आमच्या मार्गावरच्या माणसासाठी तिच्याइतकी सोयीची कादंबरी नाही. वडील अत्यवस्थ असल्याची तार येते, खंडेराव मोहेंजोदडोकडून घरी यायला निघतो, आणि पोचेपर्यंत काय काय आठवतो! बाजूने लांबच्या गाड्या सोडायला आपली गाडी थांबली आहे, पंखा कुरकुरतो आहे, अशा वेळी ती उघडावी. नायकालाही घाई आहे आणि तोही पोचत नाही, यात मोठा दिलासा असतो. म्हैस? म्हशीच म्हशी आहेत. सबंध गोठा आहे, त्यात एक हरवली असली तर मोजणार कोण?

विज्ञानाचा खण मी हौसेने लावला होता. एका बाजूला १९६९ पासून चाललेलं तारापूरचं अणुवीज केंद्र, दुसऱ्या बाजूला डहाणूचं औष्णिक केंद्र, मध्ये आम्ही. विज्ञानकथा इथे नाही वाचायच्या तर कुठे? जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' वाचताना नेमकी वीज गेली, यात त्या दोन्ही केंद्रांचा काही दोष नाही. तारेवर फांदी पडली होती. नारळीकरांची मला मौज वाटते ती त्यांच्या शास्त्रज्ञांच्या सभ्यपणाची. जग बुडायला आलं तरी ते एकमेकांचं म्हणणं पुरतं ऐकून घेतात. आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून जे होतं ते बघता, यालाच खरी कल्पनाशक्ती म्हणावं.

त्याच खणात नंदा खऱ्यांची 'उद्या' होती, २०१४ ची. अकादमीने तिला २०२० चा पुरस्कार जाहीर केला आणि खऱ्यांनी तो नको म्हटलं. भविष्यकाळ आहे, माणसावर कायमची नजर आहे, कंपन्या सगळं ठरवताहेत. मोबाइलच्या दुकानात बसणारा माझा भाचा ती घेऊन गेला आणि चार दिवसांत परत आला. "मामा, यात भविष्यातलं काय आहे? हे मी दिवसभर लोकांना लावून देतो." पुस्तक त्याने 'सामाजिक' खणात सरकवलं आणि चहा न घेता गेला.

सामाजिक खणात जागा होती, कारण कविता महाजनांची 'ब्र' तिथून कधीच हलली होती. ही २००५ ची कादंबरी. प्रफुल्ला नावाची बाई संस्थेच्या कामाने आदिवासी भागात हिंडते आणि ग्रामपंचायतीतल्या बायकांना भेटते: निवडून आलेल्या, निवडून आणलेल्या, सहीपुरत्या ठेवलेल्या, सही नाकारणाऱ्या. कविता महाजन वसईला राहत, त्यांनी वारली लोकगीतंही गोळा केली होती. म्हणजे पुस्तक आमच्याच रुळांवरचं. मी ते जड मनाने वाचलं, दोन दिवस कुणाशी नीट बोललो नाही, आणि 'वाचाच' अशा शिफारशीने शेजारच्या वहिनींना दिलं. वहिनी एके काळी पंचायतीच्या सदस्य होत्या.

रात्री भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज यायला लागला. मी आधी टीव्ही समजलो. दुसऱ्या दिवशी वहिनी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होत्या, तेव्हा विचारलं.

"काय वाचताय वहिनी?"

"तुमचंच ते. काय हसवते हो ही बाई!"

"विनोदी नाहीये ते."

"भावजी, तुम्ही कधी मासिक सभेत बसलायत का? खुर्ची बाईची, नि तिचा नवरा दाराशी उभा राहून खुणा करतोय. ते हिने बरोब्बर लिहिलंय. तेव्हा हसता नाही आलं, आता घेते हसून."

पुस्तक परत आलं तेव्हा समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं. काही ठिकाणी 'खरं'. काही ठिकाणी नुसती बरोबरची खूण, शाळेच्या वहीत बाई करतात तशी. एका पानावर 'इथे कमी लिहिलंय' आणि खाली, बहुधा प्रफुल्लासाठी, 'हिने तेव्हाच उठून यायला हवं होतं.' मी पुस्तकांवर खुणा करणाऱ्यांच्या विरोधात आहे. ही प्रत मात्र मी खुणांसाठी परत वाचली, आणि मूळ मजकूर मधे मधे येतो आहे असं वाटायला लागलं.

मग वहिनी ती पुन्हा घेऊन गेल्या. त्यांच्या बरोबरीच्या एका माजी सदस्य बाईंना कासा भागात दिली, तिथून ती डहाणूला एका बचत गटात फिरली, आता तलासरीकडे आहे असं कळतं. तिच्यावर आता तीन-चार हातांची पेन्सिल आहे आणि मुखपृष्ठ गेलं आहे. कुणीतरी शेवटच्या कोऱ्या पानावर ग्रामसभेच्या तारखा लिहून ठेवल्या आहेत. तिथे आता ते कामाचं कागदपत्र झालं आहे, परत मिळायची आशा नाही. म्हणून गेल्या महिन्यात मी दादरहून नवी प्रत आणली. प्लास्टिकचं कव्हर घातलं, पहिल्या पानावर नाव टाकलं आणि खणाला कुलूप लावलं. दुसऱ्याच दिवशी वहिनी दारात.

"दुसरी घेतलीत म्हणे? बरं झालं. झरीची एक जण मागे लागलीय."

"वहिनी, ही नवीन आहे."

"हो ना," त्या किल्लीसाठी हात पुढे करत म्हणाल्या, "तिला लिहायला जागा हवीच होती."